डरपोकजींची सोबत

वैशाली नगर, जयपूर
८ ऑगस्ट २००४

चि. ईश्वरी,

तुझं पत्र परवा मिळालं. हल्ली आमच्या पेटीत विजेचं बिल आणि लग्नपत्रिका एवढंच पडतं. हातानं पत्ता लिहिलेलं पाकीट पाहून पोस्टमनही दारात रेंगाळला. "दादाजी, किसका है?" म्हटलं, माझ्या भाचीच्या मुलीचं, अहमदाबादला खेळणी करायला शिकते. तो म्हणाला, "खिलौने बनाना भी पढ़ना पड़ता है?" म्हटलं, याचं उत्तर तिलाच विचारतो. तुला सुचलं तर कळव.

तुझी आई साधना लहानपणी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरच्या पायरीवर बसून माझ्याकडून कविता पाठ करून घ्यायची. आता तिची मुलगी शेवटच्या वर्षाला आहे आणि अंधाराला घाबरणाऱ्या मुलांसाठी खेळणं करते आहे. कुठून कुठं गाडी आली बघ.

तू विचारलंस, सोहम अंधाराला घाबरतो का? घाबरतो, आणि अगदी मन लावून घाबरतो. सात वर्षांचा झाला, पतंग कापण्यात गल्लीत कोणाला ऐकत नाही, पण बटण बंद केलं की "आजोबा, बत्ती!" तुझी कलावतीआजी गेल्यापासून तो माझ्याच खोलीत झोपतो. ट्यूबलाईट रात्रभर चालू. नीरजनं लेकासाठी वेगळी खोली तयार करून घेतली, भिंतीवर विमानं रंगवून घेतली. ती विमानं बिचारी एकटीच झोपतात.

तेव्हा तुझं खेळणं जरूर पाठव. यात माझाही स्वार्थ आहे, तो आधीच सांगतो. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा तर पुरता पिकला. डॉक्टर म्हणतात, आता आणखी थांबलात तर नजर परत येईल याची हमी आम्ही देणार नाही. ऑपरेशन थंडीत करायचं ठरलं आहे. मागच्या थंडीतही ठरलं होतं. पण त्यानंतर काही आठवडे डोळ्याला धक्का लागता कामा नये, आणि सोहम तर झोपेत लाथा झाडतो. म्हणून आधी सोहमनं एकटं झोपायला शिकायचं आणि मग मी टेबलावर आडवं व्हायचं, असा आमच्या घरात तह झाला आहे. म्हणजे माझ्या डोळ्यांची किल्ली तुझ्या खेळण्यात आहे म्हण ना.

मीही माझ्या परीनं उपाय करून पाहिला. शाळेत आमचे मराठीचे मास्तर सांगत, भीती वाटली की छंदात बोलावं, भीतीला छंद येत नाही. म्हणून मी सोहमसाठी चार ओळी रचल्या:

दिवा मालवला तरी
घर जाते कोठे काय?
दाराशी त्याच वहाणा,
खाटेखाली तेच पाय.

मी खाटेच्या पायांबद्दल म्हणत होतो गं. पोरगा ताडकन उठून बसला. "खाटेखाली पाय? किसके?" त्या रात्री स्वयंपाकघरातलाही दिवा लावून ठेवावा लागला. सूनबाई मला म्हणाली, "बाबा, तुम्ही कविता दिवसाच म्हणत जा."

तुझा,
मामाआजोबा


अहमदाबाद
२३ ऑगस्ट २००४

ती. मामाआजोबा,

खाटेखालचे पाय मी वसतिगृहात सगळ्यांना वाचून दाखवले. माझी मैत्रीण स्वप्ना आता खाटेवर उडी मारूनच चढते.

पोस्टमनकाकांना सांगा, खेळणी करायलाच जास्त शिकावं लागतं. चुकीची खुर्ची केली तर मोठी माणसं निमूट बसतात आणि पाठदुखीचं औषध घेतात. चुकीचं खेळणं मुलं सरळ फेकून देतात.

सोबत एक काजवा पाठवते आहे. कापडी आहे, लिंबाएवढा. खोलीत अंधार झाला की त्याच्या पोटात बारीक दिवा लागतो. आवाज ऐकला की तो उजळतो आणि सगळं शांत झालं की मंद होत होत विझतो. कल्पना अशी, की मूल त्याच्याशी गप्पा मारेल, बोलता बोलता पेंगेल, आणि दोघंही एकदमच झोपतील. आमच्या मॅडमना कल्पना आवडली आहे, पण त्या म्हणाल्या, "मला आवडून काय उपयोग? मी पन्नाशीची आहे."

दोन विनंत्या. एक, सोहमला विचाराल का, की अंधारात नक्की कशाची भीती वाटते? त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, सुधारू नका. तुमची सुधारायची सवय आई सांगत असते. दुसरी, जमलं तर तुमच्याजवळच्या बगरू गावचं छापील कापड थोडं पाठवा. पुढचं खेळणं तिकडच्या कापडाचं करावं असं मनात आहे.

आणि मामाआजोबा, तुमच्या पत्रातल्या ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. तुमचं अक्षर आई अजून मैत्रिणींना दाखवते. डोळ्यांचं खरंच मनावर घ्या.

तुमची,
ईश्वरी


वैशाली नगर, जयपूर
१९ सप्टेंबर २००४

चि. ईश्वरी,

ओळी चढल्या कारण टेबल डुगडुगतं. नीरजला सांगितलं आहे.

काजव्याचा अहवाल लिहितो, सत्य तेवढंच. सोहमला तो फार आवडला. पहिल्या रात्री ट्यूबलाईट बंद करून दोघं आडवे झालो. सोहमनं काजव्याला शाळेतलं सगळं सांगितलं, मग टीव्हीवरच्या सगळ्या जाहिराती म्हणून दाखवल्या. काजवा लखलख करत होता. मग सोहमला पेंग आली, आवाज थांबला, काजवा विझला, आणि विझल्याबरोबर सोहम जागा झाला. "आजोबा, हा मेला!" पुन्हा गप्पा. असं किती वेळा झालं ते विचारू नकोस. शेवटी तो झोपला, पण का झोपला तेही सांगतो. मला आधी झोप लागली आणि मी घोरायला लागलो. माझ्या घोरण्यावर तुझा काजवा रात्रभर पेटत राहिला. सकाळी सोहम सगळ्यांना सांगत होता, "आजोबांचा खर्राटा बहुत ब्राइट आहे."

नीरज म्हणाला, म्हणजे खेळणं चालतं, फक्त त्याला बाबा जोडावे लागतात.

मग सोहमला काजव्यासह त्याच्या खोलीत एकटं ठेवून पाहिलं. विमानांच्या खोलीतून अर्धा तास मोठ्यानं पाढे ऐकू आले आणि मग तो उशी घेऊन माझ्याकडे आला.

तू सांगितल्याप्रमाणे त्याला विचारलं. भूत वाटतं का? नाही. चोर? नाही. मग काय? तर म्हणाला, आणि जसंच्या तसं लिहितो, "अंधारात कोणी असतं तर मी त्याच्याशी बोललो असतो ना. मतलब, कोणीच नसतं. म्हणून डर लागतो."

मी शाळेपासून अंधारावरच्या कविता पाठ केल्या, ईश्वरी. रात्रीला राणी म्हणणाऱ्या, आई म्हणणाऱ्या. ही गोष्ट मात्र कोणी सांगितली नव्हती.

शेजारचे कौशिकजी रोज संध्याकाळी येतात आणि डोळ्यांचा विषय काढतात. त्यांचं ऑपरेशन गेल्या साली झालं. "मुरलीधरजी, पंद्रह मिनट का काम है। मैं तो कचौरी खाते हुए घर आया था।" मी म्हणतो, आधी नातवाचं होऊ द्या. ते म्हणतात, "नाती-पोते तो होते ही बहाने के लिए हैं।" फाटक्या तोंडाचा माणूस, पण मनानं चांगला. बगरूला न्यायचं त्यांनीच कबूल केलं आहे.

तुझा,
मामाआजोबा


अहमदाबाद
४ ऑक्टोबर २००४

ती. मामाआजोबा,

"कोणीच नसतं" हे वाक्य मी मोठ्या अक्षरात लिहून माझ्या टेबलासमोर लावलं आहे. आधी त्या जागी काजव्याचं चित्र होतं.

माझं चुकलं कुठे ते आता दिसतं. मी अंधार घालवायच्या मागे लागले होते. दिवा दिला की दिवा विझायची भीती, एवढीच भर पडली. पण मग द्यायचं काय? मॅडम म्हणतात, महिनाभर काही करू नकोस, नुसतं विचारत फीर. म्हणून तुम्हालाच विचारते. तुम्ही मालगाडीचे गार्ड होतात. गाडीच्या शेवटच्या डब्यात, एकटे, रात्र रात्र. तुम्हाला भीती नाही वाटली? खरं सांगा. कवितेत नको, गद्यात.

तुमची,
ईश्वरी


वैशाली नगर, जयपूर
२६ ऑक्टोबर २००४

चि. ईश्वरी,

गद्यात सांगतो. जमेल तितकं.

नोकरीनं मला भुसावळहून इकडे आणून टाकलं तेव्हा इथे छोट्या रुळांच्या गाड्या होत्या. पहिली रात्रपाळी सीकरच्या बाजूची मालगाडी. चौमूं मागे पडलं आणि पुढे नुसती वाळू. इंजिन पार तिकडे पुढे, त्याचा आवाजसुद्धा माझ्यापर्यंत दमून येणारा. शेवटच्या डब्यात मी, एक पेटी, एक कंदील. दोन्ही दारांबाहेर असा काळोख, की हात बाहेर काढला तर परत येईल की नाही असं वाटावं. वय तेवीस. घर लावून द्यायला सोबत आलेल्या आईनं बांधून दिलेली पोळीभाजी उघडली नव्हती.

पण माझ्या डब्याच्या मागच्या बाजूला एक लाल दिवा टांगलेला असायचा. शेपटीचा दिवा. गाडी स्टेशनातून जाताना स्टेशनमास्तर तो दिवा बघतो. दिसला तर गाडी पूर्ण आली, वाटेत कुठे डबे सुटले नाहीत. नाही दिसला तर सगळी लाईन थांबते. म्हणजे एवढ्या लांबलचक गाडीची साक्ष त्या टीचभर ज्योतीवर. आणि त्या रात्री वारा सुटला होता. दिवा लपलप करत होता. दर थोड्या वेळानं मी मागच्या दारातून वाकून बघायचो, गाडी थांबली की वात सारखी करायचो, काच पुसायचो, त्याच्याशी बोलायचोसुद्धा. धर रे बाबा, आलंच रींगस. पहाट झाली तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की घाबरायचं राहूनच गेलं. माझ्यापेक्षा जास्त थरथरणारं कोणीतरी सोबत होतं ना, त्यामुळे मला सवडच मिळाली नाही. पोळीभाजी मग रींगसच्या फलाटावर खाल्ली. तशी चव पुन्हा कधी लागली नाही.

हे तुझ्या कामाचं आहे की नाही कोण जाणे. म्हाताऱ्याला विचारलं की असं होतं, एका गाडीला दहा डबे जास्तच लागतात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कौशिकजींच्या गाडीतून बगरूला जाऊन आलो. सोहमही होता. तिथे कापडावर आधी चिखलाचे ठसे मारतात आणि मग ते रंगाच्या हौदात बुडवतात. चिखल धुतला की त्याच्याखालचं पांढरं तसंच राहिलेलं, बाकी सगळं रंगलेलं. सोहमनं बारीक ठिपक्यांचं कापड उचललं. अगदी अमावास्येसारखं काळंभोर, आणि त्यावर चांदण्या. मला वाटलं याला काळं आवडायचं नाही, पण तो म्हणाला हेच. मीटरभर पाठवतो आहे.

तुझा,
मामाआजोबा

ता. क. : सूनबाई, प्रियंका, म्हणते पत्ता ती लिहील. मागचं पाकीट म्हणे पोस्टातून परत यायचं थोडक्यात वाचलं.


अहमदाबाद
८ डिसेंबर २००४

ती. मामाआजोबा,

इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावू नका. तुमच्या त्या दहा जास्तीच्या डब्यांतच माझा माल निघाला. तुमचं पत्र वाचल्यावर मी काजव्याचे टाके उसवले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

सोबतच्या खोक्यात उंटाचं पिल्लू आहे. हे सोहमला सोबत करायला आलेलं नाही, एवढं आधी त्याला नीट सांगा. हे स्वतःच घाबरट आहे. दिवा बंद झाला की ते थरथरायला लागतं (पोटात जुन्या मोबाईलचं थरथरणारं यंत्र आहे) आणि त्याच्या पाठीवरच्या मदारीत दिवा लपलपतो, अगदी वाऱ्यातल्या ज्योतीसारखा. त्याला कुशीत घेऊन हळूहळू थोपटलं, की थरथर कमी होते. घाईघाईनं थोपटलं तर वाढते. शांत लयीत थोपटत राहिलं, की ते निवांत होतं आणि त्याचा दिवा आपोआप मावळतो. काजवा विझला की सोहमला वाटायचं तो मेला. हा विझला की समजायचं, हा झोपला. अंधार झाला म्हणजे आपलं काम फत्ते झालं.

मॅडमनी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा वर्गातले सगळे दिवे बंद केले होते. त्या इतका वेळ थोपटत बसल्या, की शेवटी शिपाई बघायला आला.

कापड सुंदर आहे. तुम्ही पत्रात काळं लिहिलंत, पण पाकिटातून गडद निळं निघालं. नीळ असते ना बगरूची, तशी. दुकानदारानं बदललं की काय? पण मला तर निळंच हवं होतं, पिल्लू त्याचंच शिवलं आहे.

शेवटची परीक्षा मार्चमध्ये आहे. त्याआधी सोहमचा निकाल कळवा. आणि तुमच्या तारखेचाही. थंडी आली, मामाआजोबा.

तुमची,
ईश्वरी


वैशाली नगर, जयपूर
१६ जानेवारी २००५

चि. ईश्वरी,

जिंकलीस!

सोहमला सांगितलं, हा पाहुणा घाबरट आहे, याला जपायचं आहे. त्यानं उंटाला दोन्ही हातांत धरून विचारलं, "याला मराठी येते का?" म्हटलं, अजून नाही. मग त्यानं नाव ठेवलं: डरपोक. मी म्हटलं, पाहुण्याला असं म्हणू नये. तर म्हणाला, "मग डरपोकजी." जयपूरचं पाणी! इथे भित्र्यालासुद्धा जी लावतात.

पहिली रात्र माझ्याच खोलीत. सोहमनं जोरजोरात थोपटलं, उंट आणखीच हादरला. "आरामसे, आरामसे," असं तो स्वतःलाच सांगत होता. मग लय सापडली. दिवा मावळला. सोहम कुजबुजला, "आजोबा, बोलू नका, आत्ताच सोये हैं." चौथ्या की पाचव्या दिवशी तो सकाळी म्हणाला, तुमच्या खर्राट्यानं डरपोकजींची नींद मोडते, मी त्यांना माझ्या कमऱ्यात नेतो. आणि गेला, उशी घेऊन, मागे वळून न बघता. विमानांना सोबत मिळाली. प्रियंका दारात उभी राहून हसत होती आणि पदरानं डोळेही पुसत होती.

परवा संक्रांत झाली. इथली संक्रांत तू पाहायला हवीस. दिवसभर छतांवर आरडाओरडा आणि अंधार पडला की पतंगाच्या मांज्याला कागदी कंदील बांधून आकाशात सोडतात. सोहम डरपोकजींना काखेत धरून दाखवत होता, "देखो, वर पण बत्ती आहे." आणि काय सांगू, एकेका कंदिलाची मला चार चार फुलं दिसत होती, भोवती इंद्रधनुष्याची कडी. तरुणपणी इतकं सुंदर आकाश मी पाहिलं नव्हतं.

माझ्या तारखेचं म्हणशील तर यंदा थंडी फारच कडक आहे. शिवाय सोहमची सवय अजून कोवळी आहे, मध्येच मोडायला नको. मार्चमध्ये ऊन लागतं, तेव्हा डोळ्यांचं काम करू नये म्हणतात. एकूण पुढच्या थंडीत निवांतपणे करावं असं मनात आहे. नीरज दोन दिवस बोलत नाही, पण बोलेल.

कापड काळंच आहे. मी स्वतः पाहून घेतलं. तुमच्या वसतिगृहातल्या दिव्यांत निळं दिसत असेल.

तुझा,
मामाआजोबा


अहमदाबाद
२४ जानेवारी २००५

ती. मामाआजोबा,

हे पत्र जाड पेनानं, मोठ्या अक्षरात लिहिते आहे, म्हणजे प्रियंकामामीला वाचून दाखवावं लागणार नाही. हे फक्त तुमच्यासाठी.

सोहम निकालात पास झाला. माझं खेळणं पास झालं. पण ज्याच्यासाठी तह झाला होता ते कुठे आहे? गेल्या साली सोहमचं कारण होतं, यंदा सोहमनं कारणच काढून घेतलं, तर तुम्ही थंडीला पुढे केलंत. कौशिकजी फाटक्या तोंडाचे असतील, पण चुकीचं बोलले नाहीत.

एका कंदिलाचे चार दिसत नाहीत, मामाआजोबा. ते सौंदर्य नाही, मोतीबिंदू आहे. आणि कापड निळं आहे. मी उरलेला तुकडा सकाळच्या उन्हात, अंगणात, आमच्या माळ्याला, मॅडमना आणि स्वप्नाला दाखवला. निळं आहे.

तुम्ही मला एकदा गद्यात खरं सांगितलंत, म्हणून विचारते. पट्टीच्या आतला अंधार नको वाटतो का? आणि पट्टी निघाल्यावरही तो तसाच राहिला तर, असं? वाटत असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त पुढची थंडी म्हणू नका. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हीच मला पहिल्या पत्रात लिहिलं होतं.

उत्तर नाही दिलंत तरी चालेल. तारीख कळवा.

तुमची,
ईश्वरी


जयपूर
१३ फरवरी २००५

ईश्वरीताई,

मी सोहम. आजोबा बोलत आहेत आणि मी लिहितो आहे, कारण त्यांना लिहायला मना आहे. मम्मीने स्पेलिंग ठीक केली आहे, पण सगळी नाही.

आजोबा म्हणतात लिही, "माझी प्रकृती उत्तम आहे." उत्तम नाही आहे. उजव्या डोळ्यावर पट्टी आहे आणि डावा तर पहिल्यापासून खराब आहे. पण रडले नाहीत.

आजोबा म्हणतात लिही, "तुझं पत्र मी स्वतः वाचलं." हे खरं आहे. छतावर जाऊन वाचलं, धूप में. मग खूप वेळ खाली आलेच नाहीत. मम्मी म्हणाली, जाऊ दे, एकटे बसू दे. मी नाही बसू दिलं, मी गेलो.

आता आजोबा झोपले. आता मी माझ्या तरफ से लिहितो.

ताई, तुम्हाला एक गोष्ट सांगतो, आजोबांना नका सांगू. मी माझ्या कमऱ्यात गेलो ना, तरी त्यांच्या कमऱ्यात ट्यूबलाईट चालूच राहायची. रोज. मी पाणी प्यायला उठलो तेव्हा बघितलं. मग मला समजलं, ती बत्ती फक्त माझ्यासाठी नव्हती.

पण मोठ्या माणसाला "तुम्ही डरपोक" असं म्हणता येत नाही. म्हणून छतावर मी दुसरं बोललो. मी म्हणालो, आजोबा, तुम्ही अस्पतालला जाल तेव्हा डरपोकजींना घेऊन जा. ते म्हणाले, मला कशाला रे? मी म्हणालो, तुम्हाला नाही, त्यांना बघायचं आहे. मी जाऊ शकत नाही, तिथे बच्चों को मना आहे. पट्टी बांधली की अंधार होईल, डरपोकजी घाबरतील, तुम्ही थोपटा. जोर से नाही, आरामसे. आजोबा म्हणाले, आणि मला जमलं नाही तर? मी म्हणालो, मला पण पहिल्या दिवशी जमलं नव्हतं.

आजोबांनी तुमच्या पत्राची घडी करून खिशात ठेवली. मग खाली आले आणि पापाला म्हणाले, तारीख घे.

कौशिक अंकलने अस्पतालच्या बाहेर सगळ्यांना कचौरी खिलवली. नर्स दीदी म्हणाली, दादाजी उंटाला सोडतच नव्हते, डॉक्टर साहेबांनी विचारलं हा कोण, तर म्हणाले, मेरे साथ ड्यूटी पर है.

रात्री मी डरपोकजींशिवाय झोपलो. आधी थोडा डर लागला. मग मी म्हटलं, ते आजोबांना सांभाळत आहेत, मी उगीच त्यांना वापस कशाला बोलावू.

आणि ताई, आजोबांची कविता मी ठीक करून दिली.

दिवा मालवला तरी
घर जाते कोठे काय?
दाराशी त्याच वहाणा,
खाटेखाली कोणी नाय.

आजोबा म्हणाले, आता बरोबर झाली.

तुमचा,
सोहम


वैशाली नगर, जयपूर
६ मार्च २००५

चि. ईश्वरी,

हे पत्र मी लिहितो आहे, माझ्या हातानं, आणि ओळी बघ. टेबल अजून तसंच डुगडुगतं आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. हो. दोन्ही गोष्टी होत्या, तू लिहिल्यास तशाच. तुझी कलावतीआजी गेली तेव्हापासून बटण बंद केलं, की सोहम म्हणाला ना, तसंच: कोणीच नसतं. पोरगा माझ्या खोलीत आला तेव्हा सगळे म्हणाले, आजोबा किती करतात. मीही मान डोलावली. पट्टीच्या काळोखात तर नातूही नसणार. मग नातवानं मला उंट दिला आणि कामाला लावलं. डोळ्याला पट्टी बांधली, रात्री खोलीतला दिवा बंद झाला, कुशीत थरथर सुरू झाली, आणि मला एकदम रींगसची वाट आठवली. धर रे बाबा, धर. थोपटत राहिलो. त्याचा दिवा कधी मावळला ते दिसायची सोय नव्हती, थरथर थांबली यावरून कळलं. माझी कधी थांबली, ते लक्षात आलं नाही.

तुझ्या परीक्षेत कोणी विचारलं, की हे खेळणं किती वर्षांच्या मुलांसाठी, तर वरची मर्यादा लिहू नकोस.

पट्टी निघाली त्या दिवसाचं सांगतो. आधी प्रियंका दिसली. पोरीनं माझ्या काळजीनं डोळ्यांखाली काळं करून घेतलं आहे, ते मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मग नीरजच्या कानाजवळचे पांढरे केस. मग कौशिकजी आले. एवढे म्हातारे असतील असं वाटलं नव्हतं. तसं त्यांना म्हटलं, तर म्हणाले, "अब आईना भी देख लीजिए, मुरलीधरजी।" पाहिला. विषय तिथेच संपवला.

आणि मग सोहमनं डरपोकजींना माझ्या मांडीवर ठेवलं.

मी पापणी मिटून पुन्हा उघडली. सोहमला वाटलं डोळा दुखतोय. मी उंटाला खिडकीशी नेलं, उन्हात धरलं, उलटं करून शिवणीच्या आतली कडसुद्धा पाहिली. ईश्वरी, निळं आहे. आणि कसं निळं! मास्तर फळ्यावर लिहायचे त्या कवितांमध्ये असतं, आणि आपल्याला वाटतं कवीनं वाढवून सांगितलं, तसं. मी बगरूला उभा राहून, हातात धरून, ज्याला काळं म्हणालो, तुझ्याशी पत्रातून भांडलो, ते पहिल्या दिवसापासून निळं होतं. सोहमला ते तिथेच दिसलं होतं. "मतलब काय, आजोबा, मी काळं का घेईन?"

डावा डोळा पुढच्या थंडीत. नाही, चुकलो. पुढच्या महिन्यात, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. तारीख घेतली आहे. डॉक्टर म्हणतात थंडीबिंडी जुन्या काळच्या गोष्टी. डरपोकजींची रजा सोहमनं मंजूर केली आहे.

काल जेवणं झाल्यावर ट्यूबलाईटचं बटण मी माझ्या हातानं बंद केलं. उंट सोहमकडे होता, खोलीत मी एकटाच. सवयीनं एक क्षण डोळे मिटले होते. मग उघडले. खिडकीत आकाश होतं, कौशिकजींच्या छतावरची टाकी होती, दोरीवर राहिलेला एक शर्ट होता. सगळं जागच्या जागी. मी खाटेवर बसून ते पुष्कळ वेळ पाहत राहिलो.

काळं त्यात कुठेच नव्हतं गं.

तुझा,
मामाआजोबा